स्पोर्ट्स कारचा टायर आतल्या कडेने जातो

माझ्या आतेभावाने दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घेतली. दोनच सीट, छत उघडणारं, इंजिन सीटच्या पाठीला टेकलेलं. गाडी सोसायटीत आली त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये जत्राच जमली आणि येणाऱ्या प्रत्येकाने टायरला बुटाची एक ठोकर मारून पाहिली. आपल्याकडची ही पिढीजात टायर-तपासणी. टायर टणक लागत होते, नक्षी खोल दिसत होती. ‘टायर चांगलेत हां’ असं एकमताने ठरलं आणि मंडळी चहाला गेली.

सहा महिन्यांनी गाडी सर्व्हिसिंगसाठी लिफ्टवर चढली. मेकॅनिकने आम्हा दोघांना गाडीखाली बोलावलं आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च धरला. बाहेरच्या कडेला चांगली पाच मिलिमीटर नक्षी असलेल्या त्या टायरची आतली कड बोटभर रुंदीत पार गोटा झाली होती आणि एका ठिकाणी रबरातून टायरच्या आतल्या पोलादी तारा डोकावत होत्या. दुसऱ्या बाजूलाही तेच. त्याच टायरवर आम्ही आदल्या रविवारी ताम्हिणीला जाऊन आलो होतो.

तेव्हापासून टायर या विषयात मी जरा जास्तच वेळ घालवला आहे. त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथे सांगतो.

आधी तारा का दिसल्या ते. घरच्या साध्या गाडीचा टायर बहुधा प्रामाणिकपणे झिजतो. हवा जास्त असली तर मधून, कमी असली तर दोन्ही कडांनी, आणि दोन्ही खुणा बाहेरून दिसतात. स्पोर्ट्स कारची चाकं मात्र जमिनीवर सरळ उभीच नसतात. त्यांची वरची बाजू किंचित गाडीच्या पोटाकडे कललेली असते. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. आखाड्यातला पैलवान पाय फाकवून उभा राहतो ना, तसं. नुसता उभा असेल तेव्हा त्याचा भार तळव्यांच्या आतल्या कडांवर असतो. पण कोणी बाजूने रेटलं की पलीकडचा पाय अख्खा जमिनीवर बसतो आणि गडी हलत नाही. गाडीचंही तेच. वेगात वळण घेताना बाहेरच्या चाकाचा पूर्ण तळवा रस्त्यावर बसावा म्हणून हा कल मुद्दाम दिलेला असतो. पण आपण वळणं घेणार महिन्यातून एका रविवारी, आणि उरलेले दिवस गाडी सरळच चालणार. म्हणजे उरलेले दिवस भार आतल्या कडेवर.

नुसता कॅम्बर टायर इतक्या लवकर खात नाही. खरा खादाड म्हणजे टो. दोन्ही चाकं वरून पाहिली तर एकमेकांना समांतर आहेत, की चवडे आत किंवा बाहेर वळवून चालणाऱ्या माणसासारखी आहेत, तो हिशेब म्हणजे टो. चपलेचा तळ बघून माणूस कसा चालतो ते चांभार सांगतो, तसा टायर बघून चाकांचे कोन जुळवणारा जुना अलाइनमेंटवाला गाडीचा टो सांगतो. चाक पाव अंश जरी वाकडं झालं तरी ढोबळमानाने दर किलोमीटरला ते सव्वाचार-साडेचार मीटर आडवं फरपटतं. दहा हजार किलोमीटरमध्ये ४४ किलोमीटर. पुण्याहून निघून कामशेतच्या आसपासपर्यंत टायर आडवा घासत नेल्यासारखं झालं हे. कॅम्बरमुळे आतल्या कडेवर आधीच जादा भार, त्यात ही फरपट. मग ती कड आधी संपणार हे उघड आहे. आणि चाक पाव अंशाने वाकायला काय लागतं? एक बऱ्यापैकी खड्डा पुरतो.

म्हणून या गाड्यांचे टायर तपासायचे तर ठोकर मारून उपयोग नाही. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवली की आतून दिसतात. मागच्यांसाठी मोबाइलचा टॉर्च लावायचा, हात गाडीखाली घालायचा आणि व्हिडिओ काढायचा. जमिनीवर झोपायची गरज नाही, कपडेही मळत नाहीत. गाडी थंड असताना आतल्या कडेवरून हात फिरवला तरी पुष्कळ कळतं, फक्त जपून. आमच्या टायरवर हात फिरवला असता तर तारांनी बोट फाडलं असतं.

किती झिजला की बदलायचा? कायद्याचं उत्तर सोपं आहे: १.६ मिलिमीटर. टायरच्या मुख्य खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. नवीन टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटरच्या घरात असते. पण कायदा किमान काय ते सांगतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पडतो.

हिशेबच करून बघू. आतेभावाच्या गाडीचे मागचे टायर २६५ मिलिमीटर रुंद आहेत. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. प्रत्येक मागच्या टायरला दर सेकंदाला १७ लिटरहून अधिक पाणी वाटेतून बाजूला सारायचं असतं. म्हणजे आंघोळीची एक बादली, दर सेकंदाला. हे पाणी जायला जागा म्हणजे त्या खाचा. खाचा उथळ झाल्या की पाणी टायरखालीच अडकतं, टायर त्यावर तरंगायला लागतो आणि मग स्टिअरिंग, ब्रेक सगळं नावापुरतं उरतं. रुंद टायर इथे तोट्यात असतो, कारण त्याला जास्त पाणी सारायचं असतं, आणि गाडीचं वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरल्यामुळे पाणी दाबून बाहेर काढायला जोर कमी पडतो. बॉक्स्टरचं वजन साधारण १,३०० किलो. एखादी जड एसयूव्ही ज्या डबक्यातून निवांत निघून जाईल, तिथे ही गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी निघू शकते. म्हणून माझं मत असं की नक्षी तीन मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधीच टायर बदलावेत. आतेभाऊ म्हणतो मी घाबरट आहे. असेन.

झिजणं झालं, आता इजा. लो प्रोफाइल टायर म्हणजे ज्याची बाजूची भिंत बुटकी असते तो. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये रबराची जाडी कमी, म्हणून खड्ड्यात चाक आपटलं की भिंत रिमच्या कडेवर चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. वरचं रबर शाबूत राहतं, पण आतला आधार गेल्यामुळे हवा तिथे रबराला बाहेर ढकलते आणि टायरला टेंगूळ येतं. अशा टायरला दुरुस्ती नाही. ‘थोडे दिवस चालवा, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतात. त्यांना म्हणावं, तुम्हीच चालवा. टेंगूळ आतल्या बाजूलाही येऊ शकतं, तेव्हा जोरात खड्डा बसल्यावर दोन्हीकडून बघायचं, रिमला पोचा आलाय का तेही बघायचं.

पंक्चरचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्याच्या मधल्या भागात छोटा खिळा घुसला असेल तर तो निघतो. नाक्यावरचा पंक्चरवाला टोच्याने भोक मोठं करून त्यात रबराची चिकट पट्टी घुसवतो. घरी पोचायला ठीक आहे. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून बसवलेला मशरूम पॅच. कारण टायर आतून पाहिल्याशिवाय खिळ्याने आणखी काय केलंय, हवा कमी असताना चालवल्यामुळे भिंत आतून भाजली आहे का, हे कळतच नाही. आतल्या अस्तराची काळी भुकटी झालेली दिसली तर तो टायर गेला. भिंतीला किंवा खांद्याला, म्हणजे पट्टा आणि भिंत मिळतात त्या कडेला, पंक्चर असेल तर विषयच नको. आणि मधोमध नीट पॅच केलेला टायरसुद्धा नंतर त्याच्या मूळ कमाल वेगाच्या लायकीचा राहतो असं अनेक उत्पादक मानत नाहीत. शहरात वापरायला माझी हरकत नाही. रेसच्या ट्रॅकवर न्यायचा असेल तर तो टायर घरी ठेवा.

या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते. बाटलीतलं फेसाळ द्रव्य आणि छोटा काँप्रेसर मिळतो. ते द्रव्य टायरमध्ये भरलं की हळू, फार तर ताशी ८० पर्यंत, गॅरेज गाठायचं असतं. त्याचा एक उपद्रव कोणी आधी सांगत नाही: ते आत सगळीकडे चिकटतं, नंतर पॅच बसवणारा कपाळाला हात लावतो आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सरही माखून निघतो. टोइंगची गाडी मिळण्यासारखी असेल तर बाटली न फोडलेली बरी.

सगळ्यात फसवं काय असेल तर वय. हौसेची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते. टायर झिजत नाहीत आणि मालक खूश असतो. पण रबर ऊन, उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होत जातं, गाडी उभी असली तरी. कडक रबर रस्त्याला धरत नाही. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे आकडे वाचावेत. सहा वर्षांनंतर टायर बदला असं बरेच कारनिर्माते सांगतात. नक्षी कितीही असली तरी दहा वर्षं ही टायर कंपन्यांनी धरलेली शेवटची मर्यादा. पण आपल्याकडच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी सहाच धरतो.

हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला. गाडी त्याचा मित्र चालवत होता. पोलीस तपासात मुख्य कारण वेग हेच निघालं: ताशी सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५०च्या दरम्यान होती. पण त्याच तपासात टायर नऊ वर्षं जुने असल्याचीही नोंद आहे, आणि त्यामुळे गाडीच्या ताब्यावर परिणाम झाला असावा असंही म्हटलं गेलं. सहाशेच्या वर अश्वशक्ती आणि नऊ वर्षांचं रबर.

आता खरेदी. आतेभावाच्या मागच्या टायरवर लिहिलं आहे २६५/४० झेडआर १९, पुढे ९८ वाय. रुंदी २६५ मिलिमीटर. भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे १०६ मिलिमीटर. रिम १९ इंची. ९८ म्हणजे एक टायर ७५० किलो भार पेलू शकतो आणि ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. दुकानदार हमखास म्हणतो, ‘साहेब, ३०० ने कोण चालवतंय? कमी रेटिंगचा घ्या, स्वस्त पडेल.’ मुद्दा ३०० चा नाहीच. ताशी १२० ने जाताना हा टायर सेकंदाला पंधरा फेऱ्या मारतो, म्हणजे त्याचा प्रत्येक भाग सेकंदाला पंधरा वेळा दबतो आणि सुटतो. त्यातून उष्णता तयार होते. वरच्या रेटिंगचा टायर ती उष्णता सोसण्यासाठी आतून वेगळा बांधलेला असतो, आणि वळणावर भिंत किती वाकावी हेही त्या बांधणीवरच ठरतं. समृद्धी महामार्गावर गुळगुळीत टायरच्या गाड्यांना प्रवेशापाशीच अडवण्याची मोहीम परिवहन विभागाने घेतली होती, ती उगाच नाही. तासन्‌तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावणं हे टायरसाठी तव्यावर बसण्यासारखं आहे, त्यात हवा कमी असली तर विचारूच नका.

पुढचे टायर वेगळ्या मापाचे असतात, आमच्याकडे २३५/४०. त्यामुळे पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवून आयुष्य वाढवायची साध्या गाडीतली सोय इथे नाही. मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, ते आधी संपतात, आणि त्यांची जोडी एकदमच बदलायची. एकच टायर खराब झाला असला तरी. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला अशी जोडी लावली की ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना दोन बाजू वेगळं वागतात. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर आणखी जपायचं. पाच मिलिमीटर झिजलेल्या टायरचा घेर नव्यापेक्षा जवळजवळ दीड टक्क्याने कमी असतो, आणि पुढची-मागची चाकं सतत वेगळ्या गतीने फिरत राहिली तर मधल्या यंत्रणेला ती तफावत रात्रंदिवस सोसावी लागते. तिच्या दुरुस्तीच्या बिलापुढे चार टायर किरकोळ वाटतात.

भिंतीवर आणखी एक छोटी खूण बघायची. पोर्शेसाठी मंजूर टायरवर ‘एन०’, ‘एन१’ असं असतं, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’. दिसायला तोच टायर, नावही तेच, पण त्या गाडीच्या वजनासाठी आणि सस्पेन्शनसाठी जुळवून घेतलेला. पुढे एक आणि मागे दुसराच ब्रँड ही मिसळ मात्र टाळाच. गाडीचं घसरण रोखणारं सॉफ्टवेअर ठरावीक पकड गृहीत धरून लिहिलेलं असतं.

हे सगळं नीट ठरवून तुम्ही दुकानात जाता आणि दुकानदार म्हणतो, माल नाही. याचं कारण दिल्लीत आहे. भारतात विकायच्या टायरवर आयएसआय चिन्ह लागतं, आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. देशी कारखान्यांना त्याचा फायदा झाला असेल. पण इथे न बनणाऱ्या अवघड मापांची पंचाईत झाली. त्यामुळे टायर संपायच्या दोन-तीन महिने आधी शोध सुरू करायचा. आणि माल आला असा फोन आला की पहिला प्रश्न ते चार आकडे काय आहेत हा. गोदामात तीन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. आम्हाला दोन महिने थांबावं लागलं. चार टायरच्या पैशांत एक स्कूटर आली असती, हे आत्याला अजून सांगितलेलं नाही.

बसवणं हा अर्धा मामला आहे. बुटक्या भिंतीचा टायर ताठ असतो, पहारीने ओढून चढवला तर रिम ओरखडते, टायरची कड फाटते किंवा व्हॉल्व्हजवळचा सेन्सर तुटतो. मशीन कुठलं आहे ते आधी जाऊन बघून यावं, लाजू नये. बऱ्याच टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं असतं. ती बाजू बाहेरच यायला हवी, कारण आतली नक्षी पाण्यासाठी आणि बाहेरची वळणासाठी असते. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. चाक लावताना मुलगा हवेची गन घेऊन बोल्ट ‘टर्रर्र’ करून आवळायला येतो, तेव्हा त्याला थांबवायचं. या गाडीचे बोल्ट १६० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. कमी नाही, जास्तही नाही, आणि ते टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच कळतं. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून. मग बॅलन्सिंग, म्हणजे फिरताना चाक थरथरू नये म्हणून त्याचं वजन सगळीकडे सारखं करणं, आणि मग चारही चाकांचं अलाइनमेंट. ते न करता नवे टायर घालून निघालात तर जुन्याला ज्याने खाल्लं तोच नव्याला खाणार. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. आमच्या कागदावर मागच्या दोन्ही चाकांच्या ‘टो’चे आधीचे आकडे लाल, म्हणजे मर्यादेबाहेर होते.

नायट्रोजन भरू का, असं विचारतील. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्या २२ टक्क्यांसाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या. हवेचा दाब गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरायचा, आणि टायर थंड असताना.

नवे टायर पहिल्या दिवशी निसरडे असतात, हे ऐकून लोक हसतात. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर वर असतो आणि रबराची वरची कातडीही अजून उघडलेली नसते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सुनेसारखं वागायचं, मग माहेरी आल्यासारखं. ही उपमा आत्याची आहे, माझी नाही.

सगळं आटोपून आम्ही निघालो तेव्हा दुकानातल्या मुलाने सहज विचारलं, ‘जुने टायर ठेवून जाताय ना?’ बाहेरून पाच मिलिमीटर नक्षी, चकचकीत भिंत, आतल्या कडेला तारा. काळं पॉलिश मारून ते कुठल्या तरी गाडीखाली गेले असते, आणि त्या गाडीच्या मालकाने ठोकर मारून बघितली असती. आतेभावाने मुलाकडून ड्रिल मशीन मागून घेतलं आणि चारही टायरच्या भिंतींना एकेक भोक पाडलं. मुलगा जरा नाराज झाला. मग त्याने भोक पाडलेल्या टायरचा फोटो काढला, म्हणाला, हे आमच्या मालकाला दाखवतो.